दोन डिस्कांचा लॅपटॉप आणि इंद्रभानचं बाशिंग

पैज लागली ती चहाच्या टपरीवर, आणि लावली इंद्रभाननं. देऊळगाव राजात बांगड्यांचं दुकान चालवणारा हा पन्नाशीतला गडी. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय, ते त्याला स्वतःच्या घरच्या भाजीआधी कळायचं.

समोरच्या संघपालच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात एक नवी पोरगी शिरताना दिसली.

"समता नाव हाये तिचं," टपरीवाल्या विमलबाई म्हणाल्या. "शाळेत शिकवत होती. करार संपला, आता खोलीत एकटीच राह्यते. आन् आपला संघपालही एकटाच. पाहजा तुम्ही, जमते."

"काय जमते? आत्ताच 'संघपाल भाऊ' म्हणली, ऐकलं नाई का? भाऊ म्हणली, म्हणजे फाटक बंद."

"ते भाऊ गळून पडीन."

"ज्या दिवशी ती चारचौघात भाऊ म्हननं सोडीन, त्या दिवशी मी बाशिंग बांधून भर स्टँडवर फिरीन."

"आन् नाई सोडलं तं मी फिरीन," विमलबाईंनी टाळी दिली.

इकडे दुकानात संघपालला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला माणसांपेक्षा यंत्रांची सवय जास्त. सकाळी शटर वर केलं की तो आधी रेडिओ लावायचा. गाण्यांसाठी नाही... कुणीतरी बोलत असावं म्हणून. जेवणाचा डबा उघडला की समोरच्या बंद मॉनिटरमध्ये त्याचंच तोंड दिसायचं. तेवढीच काय ती पंगत.

"गरम होते आन् मधीच बंद पडते," समता म्हणाली. तिच्या ओढणीला शाळेतल्या खडूची पांढरी बोटं अजून लागलेली होती.

त्यानं लॅपटॉप उघडला. आत दोन डिस्का. एक छोटी, नवी, चपळ. तिच्यात विंडोज. दुसरी मोठी, जुनी. तिच्यात फोटो.

संघपालची एक रीत होती. कुणाच्या घरचे फोटो दुकानात ठेवायचे नाहीत. जुनी डिस्क काढून त्यानं स्वच्छ फडक्यात गुंडाळली आणि तिच्या हातात दिली.

"ही घरी ठेवा. आईबापाचे फोटो असतात, इथं कशाला..."

ती जरा वेळ त्या फडक्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

पंखा साफ झाला. पण लॅपटॉप काही सुरू होईना. काळ्या पडद्यावर एकच रड — सुरू करायला डिस्क सापडत नाही. आता आली पंचाईत. समताचा नागपूरच्या एका शाळेसाठी ऑनलाइन डेमो तास होता आणि सगळे धडे त्या लॅपटॉपमध्ये. डेमो झाला तर नोकरी, नाहीतर गावी परत.

ती रोज यायची. स्टुलावर बसायची. तो रॅम काढून बघायचा, आतली तारांची पट्टी बदलायचा... आणि हळूहळू रेडिओ लावायचा विसरायला लागला.

"तुम्ही यंत्राशी बोलता काय, भाऊ?"

"ते उलटून बोलत नाई."

"मी बोलते."

"म्हणून तं..." तो थांबला. स्क्रू खाली पडला. दोघंही शोधायला वाकले आणि स्क्रू सोडून भलतंच बघत बसले.

मग एका दुपारी, ती गेल्यावर, त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. विंडोज टाकणाऱ्यानं घोळ घातला होता. विंडोज नव्या डिस्कवर, पण तिला उठवणाऱ्या फायली जुन्या डिस्कवर. म्हणजे त्यानंच, आपल्या चांगुलपणाच्या खोडीपायी, लॅपटॉपचं उठणंच फडक्यात बांधून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. त्यानं सांगितलं नाही.

"उद्या पाहू," म्हणाला.

ती गेली. स्टूल रिकामं झालं. त्यानं रेडिओ लावला, तोही नको वाटला.

पुढच्या दिवशी ती आली तेव्हा डोळे सुजलेले.

"उद्या डेमो हाये. फोनवर देईन म्हणते. कसाबसा."

संघपालनं हातातला पेचकस खाली ठेवला. "ती डिस्क घेऊन या. तिच्याबिगर हा उठत नाई. मले परवाच समजलं होतं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं... तुम्ही आज आल्या नसत्या. उद्याही नाई."

ती उठली. डिस्क आणली, टेबलावर ठेवली. दोन्ही डिस्का बसल्या, पडदा उजळला. तिनं लॅपटॉप छातीशी धरला.

"उपकार झाले, भाऊ," दारातून म्हणाली. भाऊवर असा काही जोर दिला, की टपरीवर इंद्रभाननं मांडीवर थाप मारली.

डेमो झाला. नोकरी लागली. ती दुकानाकडे फिरकली नाही.

जाण्याच्या सकाळी स्टँडवर नागपूरची गाडी उभी होती. विमलबाई निरोपाला आलेल्या, इंद्रभान पैज जिंकायला. संघपाल रसवंतीच्या आडोशाला, कुणाला दिसू नये असा.

समतानं खिडकीतून मान बाहेर काढली. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी ओरडली, "संघपाल, लपून काय राह्यला? इकडे ये."

तो आला. कान लाल.

"राग अजून हाये," ती हळू म्हणाली. "पण नागपुरात लॅपटॉप बंद पडला तं... कोनाले दाखवू?"

"कोनाले हात नको लावू देजो. मी येतो."

"बंद नाई पडला तं?"

"तरी... येतो."

गाडी हलली. खिडकीतला हात वळणापर्यंत दिसला, मग धूळ राहिली.

विमलबाईंनी पिशवीतून बाशिंग काढलं. इंद्रभान कुरकुरला, पण पैज ती पैज. पिकल्या मिशांवर मुंडावळ्या लोंबत्या सोडून तो निघाला. कंडक्टर हसले, बाया पदर तोंडाला लावून लोटपोट झाल्या, विमलबाई ताट वाजवत मागं.

फिरत फिरत तो रस्त्याकडे डोळे लावून उभ्या संघपालपाशी आला.

"कसा दिसून राह्यलो बे?"

"नवरी कुठी हाये, काका?"

इंद्रभाननं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "तिकडंच गेली ना, तू पाहून राह्यला तिकडं. चाल, एकट्यानं मिरवाची लाज वाटते मले."

आणि संघपाल त्याच्या बाजूनं चालायला लागला.