निळं फूल आणि दुसरा प्लग

"डोंगर माणसाला कधीच हरवत नाही, माणूस हरतो तो स्वतःपुढे!"

मोहिमेच्या सकाळी फाटकापाशी उभं राहून, एक हात गाडीच्या टपावर ठेवून, कप्तानांनी ही घोषणा केली. पुढचं वाक्य याहूनही भव्य होतं. पण ते तोंडातून बाहेर पडण्याआधीच गाडीची किल्ली सापडत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. चारही खिसे चाचपून झाल्यावर बायकोने ती पुढे केली. कालपासून तिच्याचकडे होती.

'कप्तान' ही पदवी त्यांना समुद्राने दिलेली नव्हती. बँकेच्या बुद्धिबळ संघाचे ते कप्तान होते, आणि त्या संघात दोघंच होते. निवृत्तीबरोबर बँक सुटली, बुद्धिबळ सुटलं. पद मात्र त्यांनी सोडलं नाही.

मोहीम खरी मेहुणीची. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची. जंगलापलीकडच्या उंच पठारावर शर्टाच्या बटणाएवढं एक निळं फूल जमिनीला चिकटून उगवतं, असं तिच्या सरांनी तिला सांगितलं होतं. त्यांच्यानंतर ते कुणाच्याच दृष्टीस पडलं नव्हतं. आता सोमवारपासून त्या पठारावर खाणीची यंत्रं चढणार होती. फूल सापडलं, त्याचा फोटो निघाला, तर ती यंत्रं अडवायला तिच्या हाती काहीतरी येणार होतं. नाहीतर फूलही नाही आणि पठारही नाही. तिला मिळाला होता एवढा एक रविवार.

चौथे गडी म्हणजे मेहुणीचे यजमान, कप्तानांचे साडू. पेशाने दंतवैद्य. समोरच्याला उत्तर देता येणार नाही अशाच वेळी बोलायची त्यांना सवय जडली होती, त्यामुळे एरवी ते गप्प असत.

पहिला अडथळा ओढ्याचा. पाणी गुडघाभर, तळाशी गोटे. कप्तानांनी पँट दुमडली, मधल्या खडकावर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी इतक्या दिशा दाखवल्या की बायकोने शेवटी त्यांच्याकडे बघणं सोडून गाडी पार नेली. कप्तानांनी याची नोंद 'पहिला विजय' अशी मनात करून घेतली.

त्यापुढे जंगल. उंच झाडांच्या ओल्या, काळपट खोडांमधून कच्चा रस्ता वळत वळत वर चढत होता. फांद्यांवरून शेवाळ लोंबत होतं, खिडकीतून कुजक्या पानांचा थंड वास येत होता, आणि कुठेतरी एक पक्षी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता. आता स्टिअरिंगवर कप्तान होते. चढ वाढला. धुकं उतरलं. आणि गाडीने आचका दिला!

एक. मग दुसरा. इंजिनाचा एकसुरी आवाज अडखळायला लागला, जिना चढताना मधलीच पायरी चुकावी तसा.

"मिसिंग मारतेय," साडू म्हणाले.

कप्तानांना कालची दुपार आठवली. इंजिनात ठिणगी पाडणारे गाडीचे जुने चारही प्लग ठणठणीत होते. पण मोहीम म्हटली की तयारी दिसायला हवी, म्हणून त्यांनी नवे आणून स्वतःच्या हाताने बसवले. दुसरा बसवताना हातातून निसटला आणि फरशीवर पडला. टिण्ण! आतून बायकोने विचारलं, काय पडलं. ते म्हणाले, चमचा. मग प्लग रुमालाने पुसला, कुठे टवका उडालेला दिसला नाही, आणि दिला बसवून. बॉनेटखाली चमचा काय करतोय, असं तिने विचारलं नव्हतं. घाबरायला हवं होतं ते त्या न विचारण्याला.

"पेट्रोल खराब आहे," कप्तान म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले की उंचीवर हवा विरळ असते. मग एअर फिल्टर काढून झटकण्यात बराच वेळ गेला. मग मागच्या सीटवर वजन एका बाजूला पडतंय, असंही त्यांनी सुचवलं. ती बाजू साडूंची होती. साडू निमूटपणे मध्ये सरकले. मेहुणी फक्त खिडकीतून उजेड किती उरला आहे ते बघत होती, आणि तेच कप्तानांना सहन होईना.

अरुंद वळणावर इंजिन बंद पडलं.

गाडी थांबली. क्षणभरच. मग मागे सरकली! कप्तानांनी ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. चाकं अडली, पण खालची सुटी खडी अडेना. मागे दरी! धुक्यात तिचा तळ दिसत नव्हता, एवढीच काय ती सोय. गाडी घसरत होती. दार उघडलं, बायको उतरली, रस्त्याकडेचा दगड तिने पोटाशी धरून उचलला आणि मागच्या चाकाखाली लोटला. कर्रर्र! गाडी थांबली.

बायकोने हात झटकले. तळव्याला खरचटलं होतं; कप्तानांची नजर गेली तसा तिने तो पदराखाली घेतला.

कप्तानांचे कान तापले. आता सांगून टाकावं, असं त्यांना मनापासून वाटलं. आणि तितक्याच मनापासून ते बॉनेट उघडायला गेले. साडूंनी इंजिन पुन्हा चालू केलं. प्लग तपासण्याची रीत कप्तानांनी सगळ्यांना समजावून सांगितली, सांगण्यात तरी ते कमी पडणार नव्हते. चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढायची. काढल्यावर इंजिन अडखळलं, तर तो प्लग कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तो नुसताच बसून आहे. बँकेत हा प्रयोग कुणी केला नाही हे नशीब, असंही ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

पहिली वायर काढली. इंजिन थरथरलं. चांगला! तिसरी काढली. थरथरलं. चांगला! चौथी काढताना हात घामेजला होता. असा झटका बसला की कप्तान हातभर मागे उडाले. तोही चांगला!

"सगळे ठीक आहेत," दंड चोळत कप्तान म्हणाले.

"दुसरा राहिला," साडू म्हणाले.

"तो बघितला मी."

"माझ्याकडेही असंच होतं," साडू शांतपणे म्हणाले. "लोक दुखरा दात सोडून बाकी सगळे दाखवतात."

त्यांनी कोरडा कपडा हाताला गुंडाळला आणि दुसरी वायर काढली. इंजिनाला पत्ताच लागला नाही.

प्लग बाहेर आला तो काळा, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. ताडून बघायला तिसरा काढला, तर त्याचं टोक छान कोरडं, बिस्किटाच्या रंगाचं. साडूंनी वरच्या खिशातून भिंग काढलं, दुसऱ्या प्लगची पांढरी चिनीमाती उजेडाकडे फिरवली. केसाएवढा तडा होता. ठिणगी टोकाशी पडायचं सोडून त्या ओल्या तड्यातूनच निसटून जात होती.

"हा आपटलाय कुठेतरी."

"दुकानातच आपटला असेल," कप्तान म्हणाले. "हल्ली माल असाच येतो."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

"चमचा," ती म्हणाली.

बाकी काही नाही. मेहुणीला आणि साडूंना त्यातलं काही कळलं नाही. कप्तानांना वाटलं, मघाशी तिने दगड लावायला नको होता.

जादा प्लग नव्हता. जुने चार घरी शोकेसमध्ये मांडून ठेवले होते. साडूंनी तडा पुसून कोरडा केला आणि प्लग परत बसवला. इंजिन साडेतीन प्लगांवर चालायला लागलं. मेहुणी हलकेच म्हणाली की वजन कमी केलं तर कदाचित चढेल. कुणी उतरायचं हे तिने सांगितलं नाही. कप्तान उतरले.

साडूंनी क्लच सोडला. गाडी थरथरली, खडी उडाली आणि चढली! वळण घेऊन धुक्यात दिसेनाशी झाली. कप्तानांना काढल्यावर इंजिन जराही अडखळलं नाही. चाचणीचा नियम त्यांनीच तर मघाशी समजावून सांगितला होता.

ते चालत निघाले. धाप लागली, बूट चिखलात रुतले, एकदा ते पाठीवर आपटले. वाटेत त्यांनी कबुलीची तीन भाषणं रचली. पहिल्यात दुकानदार थोडा दोषी होता. दुसऱ्यात फरशी. तिसऱ्यात कुणीच उरलं नाही, आणि ते इतकं छोटं झालं की त्याला भाषण म्हणवेना.

ते पठारावर पोचले तेव्हा उजेड विझत आला होता. तिघंही ओल्या गवतात गुडघ्यांवर रांगत शोधत होती. मेहुणीच्या चेहऱ्यावरून कळत होतं, काही सापडलेलं नाही. कप्तान तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"प्लग माझ्या हातून पडला," ते म्हणाले. "काल. मला पहिल्या आचक्यापासून ठाऊक होतं. गाडी मागे गेली तेव्हाही ठाऊक होतं. तुझा दिवस मी खाल्ला, हिचा हात सोलला, आणि तरी खोटंच बोलत राहिलो. मला लाज वाटते."

वारा पडला. बायकोने मान वर केली; इतक्या वर्षांत एवढं सरळ वाक्य तिने त्यांच्याकडून ऐकलं नव्हतं. मेहुणीचे डोळे भरून आले. तिचा हात तोंडाकडे गेला. आपल्याला क्षमा मिळते आहे, असं कप्तानांना वाटलं, आणि त्यांनी मान आणखी खाली घातली.

"भाऊजी," मेहुणी अगदी हळू आवाजात म्हणाली, "ते सगळं राहू द्या. तुम्ही फुलावर उभे आहात. उजवा पाय तेवढा उचला ना. सरळ वर."