बटणवाल्या बाईंची सही

"त्या बटणवाल्या बाई कुठे बसतात हो?"

जिन्यात त्यानं मलाच विचारलं. खांद्याला लॅपटॉप, केस विंचरलेले की विस्कटलेले ते कळेना, आणि चेहरा असा निरागस, की रागावावं तर आपणच वाईट ठरू.

"कोणत्या बटणवाल्या?"

"रोज त्रेचाळीस कामं हातानं सुरू करतात म्हणे. एक संपलं की बटण, दुसरं संपलं की परत बटण... मला ते सगळं आपोआप चालेल असं करायचंय."

"या, सोडते तुम्हाला." दोन मजले चढून मी त्याला खोलीपर्यंत नेलं, दार उघडलं, माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बोला. बटणवाली ऐकतेय."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

आमचं औषधांचं मोठं गोदाम. सकाळी दवाखान्यांच्या मागण्या येतात, त्या साठ्याशी जुळवायच्या, कुठल्या गाडीत काय जाणार त्याच्या याद्या काढायच्या, आणि दोनला गाड्या सुटायच्या. करतो सगळं कॉम्प्युटरच. पण कुठल्या कामामागून कुठलं, ते गेली सहा वर्षं माझ्या डोक्यात आणि माझ्या वहीत. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं — तीन दिवसांची चाचणी होईल, आणि मग या पाहुण्याच्या अहवालावर ठरेल, की नवी यंत्रणा मी सांभाळायची की खाली खोक्यांना लेबलं चिकटवायची.

म्हणजे ज्याच्यावर चिडायचं, त्याच्याच हातात माझी खुर्ची. आणि हा माणूस... रोज शेजारी बसून माझी वही वाचायचा. त्या खोलीत कायम गारठा. तिसऱ्या दिवशी बघते तर एसीला पुठ्ठा लावून त्यानं झोत स्वतःकडे वळवलेला. "मला उकडतं," म्हणाला. नाक गारठून लालभडक झालेलं. घरी ताईला सांगितलं, तर ती म्हणते, "पुठ्ठा कुणी लावला ते तीनदा सांगून झालं. नोकरीचं काय झालं ते सांग."

एका दुपारी त्यानं वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "सतरावं काम झाल्यावर लिहिलंय — 'दहा मिनिटं बसावं.' हे कशासाठी?"

"का? बायकांनी जरा बसू नये?"

"बसावं की. मशीनला गरज नाही, एवढंच."

तो हसला, मी हसले... आणि त्यानं ती ओळ खोडली. ती कशासाठी होती, हे मी सांगायला हवं होतं. पण तो हसला की गालावर एक बारीक खळी पडायची, आणि माझं लक्ष तिथं होतं.

चाचणीचा पहिला दिवस उजाडला. पडद्यावर त्रेचाळीस ओळी एकामागून एक हिरव्या होत गेल्या. एक वाजायच्या आत सगळं संपलं. साहेब खूश. मी सवयीनं याद्या चाळायला घेतल्या, आणि परत पहिल्यापासून चाळल्या. एकाही गाडीत इन्सुलिन नव्हतं. थंडीत ठेवायचं एकही औषध नव्हतं.

मी खाली फोन लावला. "एकही गाडी सोडू नका."

साहेबांचा आवाज चढला. "तुम्हाला आधीपासूनच हे नको होतं, बाई. तुम्हीच काहीतरी—"

"चूक माझी आहे," तो मध्येच म्हणाला. "त्यांच्या वहीत होतं. मी खोडलं."

असा आपणहून पायावर धोंडा मारून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मग मलाही गप्प बसवेना.

"थांबायचं कशासाठी ते मी सांगितलं नाही, म्हणून खोडलं. कोल्ड रूमचं मशीन जुनं आहे, साठ्याची यादी दोन तुकड्यांत पाठवतं. पहिला आला की पडदा 'पूर्ण' म्हणतो, दुसरा मागून येतो. त्याच्यासाठी मी थांबायचे."

"मग ती दहा मिनिटं परत घालू," तो म्हणाला.

"नको. कधी सात लागतात, कधी बारा. घड्याळ बघायचंच नाही. दुसरा तुकडा आल्याशिवाय अठरावं काम सुरूच होऊ द्यायचं नाही."

त्यानं आपली खुर्ची बाजूला घेतली. मग कीबोर्ड माझ्यासमोर सरकवला. "तुम्हीच लिहा."

मी विचारत गेले, तो सांगत गेला, बोटं माझी. दोनला वीस कमी असताना नव्या याद्या बाहेर पडल्या, आणि माणसांनी अशी धावपळ केली की दोनच्या ठोक्याला गाड्या सुटल्या — इन्सुलिनसकट. खिडकीतून फाटकाबाहेर जाणारी एकेक गाडी बघताना मला नाचावंसं वाटलं, आणि मी थोडीशी नाचलेही.

उरलेले दोन दिवस एक ओळसुद्धा अडली नाही. अहवालात त्यानं लिहिलं, 'क्रम यंत्रणा पाळेल, पण तो क्रम तसाच का, हे यांनाच माहीत आहे. यंत्रणा यांच्याच हाती द्यावी.' साहेबांनी वाचलं, खाकरले, आणि नव्या पदाचं पत्र माझ्या हातात ठेवलं.

आणि त्या पदाचं पहिलं काम काय असावं? त्याचं काम पूर्ण झालं म्हणून सही करणं. सही झाली की तो मोकळा... जायला.

"तीन प्रती आहेत," तो समोर उभा राहून म्हणाला.

मी पेनचं टोपण काढलं, परत लावलं. "काही राहिलं तर नाही ना?"

"कामाचं काही नाही."

"मग कशाचं राहिलंय?"

"सही करा आधी."

"सांगा आधी."

"नाही." त्यानं मान हलवली. "इतके दिवस तुमची खुर्ची माझ्या अहवालावर होती. आता माझं काम तुमच्या सहीवर आहे. अशात काही बोललो, तर ते खरं आहे हे तुम्हाला कसं कळणार? एकदा कुणाचं कुणाकडे काही अडलेलं नसलं... की बोलतो."

इतका सरळ माणूस. मी तिन्ही प्रतींवर सह्या ठोकल्या, इतक्या घाईत की तिसरी माझीच आहे हे मलाही शपथेवर सांगता आलं नसतं.

"झालं. बोला आता."

"म्हणजे... असं की... तुम्ही जर कधी—"

"ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

त्यानं श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. खूप आवडता."

"तुम्ही नाही," मी म्हणाले.

त्याचा चेहरा असा पडला, की मला जास्त वेळ छळवेना.

"'तुम्ही' नाही, 'तू' म्हण. मलाही तू आवडतोस, आणि अहो-जाहो करत प्रेम करायला मला जमायचं नाही."

सह्या केलेले कागद त्याच्या हातातून निसटून जमिनीवर पसरले. आमच्या दोघांपैकी कुणीच वाकलं नाही. त्यानं माझा हात हातात घेतला, आणि अगदी हळू म्हणाला, "तू."

"परत म्हण," मी सांगितलं.

त्यानं म्हटलं.