धुक्यात भेटलेला भाऊ

गुटी उतरली तेव्हा मी बुंडी नदीच्या वरच्या चढावर एका पांढऱ्या खडकाला टेकून बसले होते आणि आपण वाट चुकलेलो नाही, असं स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होते. चिमानीमानीच्या डोंगरातली गुटी म्हणजे धड पाऊस नाही, धड धुकं नाही. दोन्ही मिळून अंगाला चिकटतात आणि पुढचं झाडसुद्धा दिसत नाही. मी मुतारेच्या एका शाळेत भूगोल शिकवते. पुढच्या महिन्यात मुलांची सहल इथे आणायची होती, म्हणून वाट आधी पाहून घ्यायला एकटीच आले होते. भूगोलाच्या बाईच हरवल्या, हे वर्गाला कळलं असतं तर माझी धडगत नव्हती.

तेवढ्यात शीळ ऐकू आली... मग बूट दिसले, मग हिरवा गणवेश, मग त्याच्यावरचा हसरा चेहरा.

"वाट चुकलात का?"

"नाही. बसलेय जरा."

"कड्याच्या टोकावर?"

मी खाली पाहिलं. माझ्या पायांपासून हातभर अंतरावर डोंगर संपला होता. मी घाईने उठले आणि त्याच्यापासूनही चार पावलं लांब सरकले. निर्मनुष्य डोंगर, अनोळखी पुरुष... तो जागेवरूनच बोलला, आमच्याकडे कुणीही कुणाला विचारतं तितक्या सहज.

"देवक कोणतं तुमचं?"

"झिवा."

झिवा म्हणजे पाण्याचं देवक. आम्ही मासा खात नाही. खाल्ला तर दात पडतात, असं लहानपणापासून ऐकत आलोय.

"मग काळजीच मिटली," तो म्हणाला. "मीही झिवाच. बहिणीला इथे टाकून गेलो तर आई मला घरात घेणार नाही. चला, ताई."

एका देवकाची माणसं म्हणजे भावंडं. मी निर्धास्त झाले आणि त्याच्या मागे चालू लागले. त्याचं नाव गरिकाई. इथल्या राष्ट्रीय उद्यानात वाटाड्या होता, आणि पावलापावलाला बोलत होता.

"भूगोल शिकवतेस आणि उत्तर दिशा सापडत नाही?"

"नकाशात उत्तर वरच असते, दादा. तुमचे डोंगर नकाशाप्रमाणे वागत नाहीत, त्याला मी काय करू?"

गुटी काही हटेना. डोंगरावरच्या दगडी निवाऱ्यात मी राहिले आणि तो हाकेच्या अंतरावरच्या गुहेत. दिवसा जरा उजाडलं की तो मला वाटा दाखवायचा. ही मुलांना झेपेल, ही नाही, इथे शेवाळ आहे, इथे दोघादोघांनी हात धरायचे. जेवायची वेळ झाली की मात्र तो अवघडायचा. "भूक नाही," म्हणायचा. मग मी माझ्यातली उकडलेली रताळी आणि शेंगदाणे पुढे केले की आधी नको-नको म्हणून सगळं फस्त करायचा. एका माणसाच्या शिदोरीत आम्ही दोघं जेवत होतो आणि त्याची स्वतःची पिशवी फुगलेलीच होती.

"त्यात काय आहे रे, दादा?"

"दोरखंड," तो म्हणाला आणि पिशवी पाठीमागे सरकवली.

दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडताना माझा पाय घसरला. त्याने हात धरला. पलीकडे पोचलो तरी हात सुटला नाही... त्याने सोडला नाही की मी, कोण जाणे. त्याच्या पापण्यांवर गुटीचे बारीक थेंब होते. माझं काळीज असं धडधडायला लागलं की मला भीती वाटली.

कारण हे पाप होतं. एका देवकात लग्न होत नाही. लग्न सोडाच, असा विचारही मनात आणायचा नसतो. मला हा माणूस आवडत होता, मनापासून, आणि तो माझा भाऊ होता. मी हात सोडवून घेतला आणि स्वतःलाच ऐकवावं तसं मोठ्याने म्हटलं, "तुझ्यासारखा भाऊ मिळाला, बरं झालं हं, गरिकाईदादा."

त्याचा चेहरा पडला. "हो... बरं झालं," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर शीळसुद्धा वाजली नाही.

तिसऱ्या सकाळी आभाळ मोकळं झालं. खाली उतरायचा दिवस. एकदा मुतारेला पोचले की त्याचं नावही काढायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. ठरवताना रडले होते, तेही सांगून टाकते. तोंड धुऊन मी त्याला बोलवायला गुहेकडे गेले, तर वास आला. ओळखीचा, आणि आमच्या घरात कधीच न आलेला.

गरिकाई माझ्याकडे पाठ करून चुलीपाशी बसला होता. एका हातात मक्याच्या पिठाचा गरम गोळा, समोर पातेल्यात कांदा-टोमॅटोत परतलेली सुकी मासळी. दोन दिवसांचा उपाशी माणूस जेवतो तसा तो जेवत होता.

"गरिकाई, दात पडतील तुझे!"

त्याचा घास तसाच थांबला. तो वळला. माझ्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

झिवाचा माणूस मासा खात नाही. उपाशी मरेल, पण खाणार नाही. म्हणजे... मी तिथेच दगडावर बसले.

"तू झिवा नाहीस."

"नाही."

"पिशवीत दोरखंड नव्हता."

"मासळीच होती. दुसरं काहीच नव्हतं."

"मग खोटं का बोललास?"

"धुक्यात परका पुरुष दिसला की बाई घाबरते," तो हळूच म्हणाला. "बिल्ला दाखवला तरी घाबरते. एकदा एक बाई मला बघून उलटी पळाली, ती थेट कड्याकडे. झुडपात अडकली म्हणून वाचली. तेव्हापासून बाई जे देवक सांगेल, ते माझं. गेल्या महिन्यात मी हत्ती होतो. त्याआधी सिंह."

"आणि खरं देवक?"

"सोको."

सोको म्हणजे माकड. मला हसू फुटलं, आणि त्याच दमात डोळे भरून आले. कालपासून छातीवर ठेवलेली धोंड कुणीतरी उचलून दरीत फेकल्यासारखं वाटलं.

"ते तर तोंडावरच दिसतंय," मी म्हटलं. "कालच का नाही सांगितलंस? ओढ्यावर?"

"सांगणारच होतो. तेवढ्यात तू म्हणालीस, असा भाऊ मिळाला, बरं झालं. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

"ते मी स्वतःला बजावत होते, माकडा."

हातातला घास अजून हातातच होता.

"म्हणजे... तुलाही?"

"रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा. तुझ्यामुळे. तू माझा भाऊ आहेस म्हणून रडत होते मी, कळतंय का तुला?"

त्याने घास पातेल्यात ठेवला. हात धुतले, एकदा धुतले, मग पुन्हा धुतले, वास जाईपर्यंत. मग माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. सकाळचं ऊन पांढऱ्या कड्यांवरून खाली उतरत होतं.

"शुवाई," तो म्हणाला. माझं नाव त्याने पहिल्यांदाच नुसतं घेतलं. "एक विचारू? तुझी आत्या... कुठे राहते?"

आमच्याकडे मुलीच्या लग्नाची बोलणी आधी तिच्या आत्यापाशी होतात. मुलाने आत्याचा पत्ता विचारला की त्याला आणखी काही विचारायचं उरत नाही, आणि मुलीने तो दिला की तिलाही काही सांगायचं उरत नाही.

"साकुब्व्यात," मी म्हटलं. "बाजाराच्या मागे, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे वळायचं, निळ्या दाराचं घर. कुत्रा भुंकतो, पण चावत नाही."

आणि मग पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, तो चुकू नये म्हणून.