आठव्या तारेनंतर

आमच्या हँगरमधल्या प्रशिक्षण विमानाला दोन आसने, चार सिलिंडर आणि एक वाईट खोड होती. इंजिन सुरू झाले की रेडिओवरचे एकही वाक्य धड ऐकू येत नसे. नियंत्रण कक्षातून कुणी "धावपट्टी मोकळी आहे" असे सांगितले, तरी कानात पोहोचायची ती फक्त तडतड. जणू वाळलेल्या पाचोळ्यावरून कुणी घाईघाईने चालले आहे.

यात गूढ काहीच नव्हते. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. त्यांच्यापर्यंत मॅग्नेटो नावाचे यंत्र आठ तारांतून हजारो व्होल्टचा दाब पोहोचवते. ठिणगी पडली की ती तारच एखाद्या लहानशा प्रक्षेपकासारखी वागते, आणि ठिणगी बोलते आहे की माणूस, हे बिचाऱ्या रेडिओला कळत नाही. उपाय सरळ आहे. प्रत्येक तारेवर धातूच्या विणीचे आवरण चढवायचे आणि त्याची दोन्ही टोके इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट जोडायची. गोंगाट आवरणातच जिरतो. याच विषयावर मी विद्यापीठात प्रबंध लिहिला होता. तो मार्गदर्शकांनंतर कुणी उघडल्याचा पुरावा नाही. तेव्हा हँगरचा इंजिनिअर म्हणून हे काम माझ्याकडे आले, याने मी सुखावलो होतो, हे कबूल करतो.

घाई होती ती मेहुण्यामुळे. बायकोचा हा धाकटा भाऊ वैमानिकाच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता. तिसरी आणि नियमाप्रमाणे शेवटची संधी शुक्रवारी सकाळी होती. रेडिओ स्वच्छ असल्याची माझी सही नसेल तर आपण विमानात पाऊल ठेवणार नाही, असे परीक्षकांनी आधीच कळवले होते. मेहुणा नापास झाला तर त्याला वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात बसावे लागणार होते. सासऱ्यांचा मुलावर इतका विश्वास होता, की त्यांनी त्याच्यासाठी फिरती खुर्चीही आणून ठेवली होती.

"अहो, तुमच्यामुळे तो नापास झाला, तर मी माहेरी कोणत्या तोंडानं जाऊ?" बायको म्हणाली.

"आणि त्याच्या स्वतःमुळे झाला तर?"

"तरी तुमच्यामुळेच."

सोमवारी कामाला लागलो. एका तारेवर आवरण चढवायचे, इंजिन चालवायचे, हेडफोन लावून ऐकायचे, वहीत नोंद करायची आणि मग पुढची तार. मेहुणा वैमानिकाच्या आसनात, मी शेजारी. मंगळवारी दुपारपर्यंत चार तारा झाल्या होत्या आणि तडतड निम्म्यावर आली होती. तेव्हा तो आवाज पहिल्यांदा आला.

च्च्.

ठिणग्यांचा आवाज इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो, उतरतो. हा एकटाच आला. जीभ टाळूला लावून कुणी नापसंती दाखवावी, तसा.

"भाऊजी, ऐकलंत?"

"एखादी ठिणगी चुकली असेल."

"ठिणगी कसली! माझं प्रगतिपुस्तक बघताना बाबा अगदी असंच करायचे."

मी इंजिन बंद करायला लावले आणि झाकण उघडले. चौथ्या आवरणाचे टोक मी रंगावरच आवळले होते. रंगातून वीज जात नाही; म्हणजे ते आवरण शोभेपुरतेच होते. प्रबंधात या चुकीवर मी एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. पॉलिश पेपरने रंग खरवडून मी टोक पुन्हा आवळले आणि वहीत, कारणाच्या रकान्यात, "तपास चालू" असे लिहिले.

इंजिन पुन्हा सुरू केले. आवाज नाही. मेहुणा खुशीत येऊन बोलू लागला.

"काल तीन तास अभ्यास केला, भाऊजी."

च्च्.

त्याने हेडफोन चाचपले. मग हळूच म्हणाला, "दोन तास."

च्च्.

"बरं बाबा, पुस्तक उघडलं होतं!"

यावर हेडफोनमध्ये समाधानाची म्हणावी अशी शांतता पसरली. मीही रकान्यात पुन्हा "तपास चालू" लिहिले. अक्षर पहिल्यापेक्षा जरा वाईट आले.

बुधवारी, सहाव्या तारेनंतर, मी या विमानाच्या जुन्या वायरमनना भेटायला गेलो. निवृत्त होऊन ते मुलीकडे राहत होते. खिडकीशी बसून इस्त्रीची वायर बदलत होते. मी घडलेले सांगितले. त्यांनी पक्कड खाली ठेवली आणि जीभ टाळूला लावली.

"च्च्. असा?"

तोच आवाज. हुबेहूब. मी खुर्चीत जरा मागे सरकलो.

"म्हणजे तुमचाच आवाज आहे हा?" मी विचारले. "इतकी वर्षं तुम्ही तिथे होतात..."

"अहो, मी जिवंत आहे! माझं भूत व्हायला अजून अवकाश आहे. सकाळीच रक्त तपासून आलोय."

"मग?"

"हा माझा नाही. मलाच त्या विमानानं लावला. चार वर्षं ते हेडफोन डोक्याला होते, जडली खोड."

"आणि आम्हाला त्याचा जाच!" आतून त्यांची मुलगी म्हणाली. "गणित चुकलं की च्च्. वेणी वाकडी आली की च्च्."

"वेणी वाकडीच असायची तुझी," म्हातारे म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "किती तारा झाल्या?"

"सहा."

"मी जुन्या इंजिनावर सात झाकल्या होत्या. आठवी उघडी ठेवली."

"का?"

त्यांनी पक्कड पुन्हा उचलली. "बाकीचा गोंगाट गेला ना, की ते फार स्पष्ट ऐकू येतं."

मी पदवीधर माणूस. गुरुवारी दुपारपर्यंत आठही तारा झाकल्या. एवढ्यावर न थांबता मॅग्नेटोपासून किल्लीच्या स्विचपर्यंत जाणाऱ्या तारेवरही आवरण ओढले. तिच्यातूनही थोडा गोंगाट गळतो. इंजिन सुरू केले. रेडिओ इतका स्वच्छ होता, की मेहुणा म्हणाला, "भाऊजी, नियंत्रण कक्षातल्या माणसाला सर्दी झालीय, तेसुद्धा ऐकू येतंय."

नेहमीप्रमाणे इंधन तोडून इंजिन थांबवले. दिवसभरात च्च् एकदाही नाही. मला आनंद झाला आणि त्याच्या तळाशी, का कोण जाणे, थोडी चुटपुटही लागली. संध्याकाळी बारीकसारीक दुरुस्त्या उरकत बसलो.

शुक्रवारी सकाळी थंडी होती. परीक्षक फाइल छातीशी धरून दूर उभे राहिले होते आणि घड्याळ बघत होते. मी आत बसून मांडीवर तपासणीचा कागद घेतला. सवयीने हेडफोन डोक्यावर चढवले होते. किल्ली बंद. बॅटरी बंद. थंड सकाळी इंजिनातले तेल हलावे म्हणून पंखा हाताने दोन-चार वेळा फिरवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. मेहुण्याने समोर जाऊन पात्यावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे पाहून दात दाखवले.

मी "रेडिओ" या शब्दापुढे "स्वच्छ" असे लिहिले. सहीसाठी पेन टेकवले.

च्च्.

इंजिन बंद होते.

मी किल्लीकडे पाहिले. बॅटरीच्या बटणाकडे पाहिले.

च्च्. च्च्.

"हात काढ!" मी ओरडलो.

"काय?"

"पंख्यावरचा हात काढ! मागे हो!"

तो मागे झाला. कारण न विचारता माझे ऐकण्याची ही त्याची पहिलीच वेळ.

झाकण उघडले. किल्ली बंद केल्यावर मॅग्नेटोच्या ठिणग्या थांबतात त्या स्विचच्या तारेमुळे. तीच तार आतल्या आत स्क्रूवरून निसटली होती. गुरुवारी आवरण ओढताना माझ्याच हातून. वरून आवरण असे देखणे बसले होते, की फोटो काढावा. किल्ली बंद होती, पण मॅग्नेटो जागा होता. पंखा अर्धा फिरला असता, तर सिलिंडरमध्ये उरलेल्या इंधनाने पेट घेतला असता, आणि मेहुण्याचे हात पात्यावर होते.

हे ओळखायची चाचणी क्षणाची आहे. संथ चालत्या इंजिनाची किल्ली पळभर बंद करून बघायची. मी ती केली नव्हती. शांतता ऐकण्यातच माझे कान गुंतले होते.

तार जोडली, चाचणी केली. किल्ली बंद करताच इंजिन शहाण्यासारखे दबले. मी सही केली. परीक्षक म्हणाले, "वीस मिनिटं उशीर." ते आणि मेहुणा आपापले हेडफोन लावून बसले आणि विमान आकाशात गेले.

मेहुणा उत्तीर्ण झाला. "विमान उतरवत नाही, टाकतो, पण रेडिओवर उत्तम बोलतो," असा परीक्षकांचा शेरा आहे. फिरत्या खुर्चीवर आता सासरे स्वतः बसतात.

पण ते नंतरचे. विमान वर असताना मी हँगरमधल्या टेबलाशी बसलो होतो. माझे हेडफोन काढून बाजूला ठेवले आणि लॉगबुक ओढले. "स्विचची तार सुटलेली आढळली. जोडली," असे लिहिले. वाक्य शुद्ध होते. कुणाच्या हातून सुटली, हे न सांगण्याची त्यात चांगली सोय होती. मी लॉगबुक मिटू लागलो.

च्च्.

टेबलावरून आला.

मी पुन्हा पेन उघडले. "आवरण चढवताना माझ्या हातून सुटली होती. चाचणी केली नव्हती," असे लिहिले. खाली नाव लिहिले, पूर्ण. मग थांबून ऐकले. पत्र्यावर वारा वाजत होता, एवढेच.

हेडफोन डब्यात ठेवावेत म्हणून मी त्यांची वायर हाताभोवती गुंडाळू लागलो. शेवटचा वेढा घेतला आणि टोकाला पोहोचलो. टोकाला प्लग नव्हता. नवा बसवायचा म्हणून आदल्या संध्याकाळी मी तो कापून काढला होता.

तो माझ्या शर्टाच्या खिशात होता.