वरची कड

प्लायवूडच्या दुकानात पातळ फळीचा एकच तुकडा उरला होता, आणि त्याला दोन टोकांनी दोन हात लागले होते.

"मला कपाटाची पाठ करायचीय," पलीकडचा म्हणाला.

"मला पेटी करायचीय," ती म्हणाली. "वर बसायचं आणि समोरच्या फळीवर हातांनी ताल धरायचा."

त्याने हात काढून घेतला. "कपाट थांबेल. पण... बघायला येऊ?"

ओळख ना पाळख, आणि ती चक्क पत्ता सांगून मोकळी झाली.

ती लहान मुलांना गाणं शिकवायची. शाळेत वाद्याच्या नावाने शंख, म्हणून सगळी गाणी टाळ्यांवर. मुलांनी तिचं नाव टाळीबाई पाडलं होतं. तो कपाटं करायचा. रविवारी हत्यारांची पिशवी घेऊनच आला. दोघांनी गॅलरीत फळ्या घासल्या, मागच्या फळीला गोल भोक पाडलं, समोर ती पातळ फळी गोंदाने बसवली. मध्येच त्याचा हात तिच्या केसांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"भुसा आहे..."

"असू दे," ती म्हणाली आणि उगाच लाजली.

पुढच्या रविवारी ती ऐटीत पेटीवर बसली आणि थाप मारली. ठप्प. शेजाऱ्याचं दार ठोठावल्यासारखा आवाज.

"वरची कड चिकटवलीत?" तिने विचारलं. "ती मोकळी हवी. तिथेच तर फळी थरथरते."

तो ओशाळला. "कपाटात काही हललं की गिऱ्हाईक डोक्यावर बसतं. हाताला मोकळं सोडायची सवयच नाही."

फळी उचकटली, ती चिरफळली. नवी त्यानेच आणली आणि या वेळी आठवणीने वरची कड सोडून बाकी चिकटवली.

"एवढ्यात अख्खं घर बांधून झालं असतं," तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

तो हात धुवायला आत गेला. ती पेटीकडे बघत राहिली. आता पेटी वाजेल, मुलं खूश होतील आणि पुढच्या रविवारपासून दारावरची बेल वाजणार नाही. तिला रडूच यायला लागलं. तिने गोंदाची बाटली उचलली, वरच्या कडेखाली जाड रेघ ओढली आणि फळी दाबून धरली.

रविवारी त्याने थाप मारली. ठप्प. त्याने कडेवरून नख फिरवलं.

"ही कड मी सोडली होती."

"हो?"

"आणि माझ्या हातून गोंद असा ओघळत नाही."

तिचे कान तापले. "पेटी झाली असती, तर तुम्ही कशाला आला असता?"

पातळ पातं काढून त्याने ती कड या टोकापासून त्या टोकापर्यंत हलकेच सोडवली. "वाजवा आता."

तिने वाजवली. मधे घुमली, वरच्या कोपऱ्यात कडकडली. आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"कपाटाला अजून पाठ नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाईक विचारतं, रविवारी असता कुठे?"

"मग काय सांगता?"

"सांगतो... सासुरवाडीला."

आत आईला ठसका लागला. लेकीने मात्र मान खाली घातली नाही. हात लांब करून त्याच्या केसांतला भुसा झटकला, न विचारता.

"कपाट इकडेच आणा," ती म्हणाली. "पाठ बसवताना मी धरते."