फिक्या रंगाचा रकाना

“तिले काय इचारनं शे?” – मंदाताईचं लग्न ठरलं त्या सुपारीच्या दिवशी पडद्याआडून ऐकलेला काकांचा आवाज. मी नऊ वर्षांची होते. ताई पोहे वाढत राहिली... नुसती वाढत राहिली.

दहा वर्षांनी, नव्व्याण्णव साली, आमच्या वस्तीजवळ, पर्वत पाटियाच्या चौकात साड्यांच्या गठ्ठ्यांनी लादलेला टेम्पो अंगावर वळला. उडी मारून मी ज्या पायरीवर चढले, ती हेमराजच्या कॉम्प्युटर क्लासची निघाली.

“शिकायचंय?”

“नाही, जीव वाचवायचाय.”

“त्याचाही कोर्स आहे. तीन महिन्यांचा.”

हसताना त्याची मान झुकायची – वाऱ्यावरच्या ज्वारीच्या कणसासारखी. मी कोर्स लावला. माऊस धरताना बोटाला बोट लागायचं, आणि दोघंही स्क्रीनकडे बघत बसायचो... लाईट गेलेली असली तरी.

तिसऱ्या महिन्यात समाजाच्या वधू-वर मेळाव्याचं वेबपेज त्याच्याकडे आलं. काकांनी माझा फॉर्म भरायला मलाच पाठवलं. वडिलांचं नाव, उंची, पत्रिका – भरायलाच हवेत ते रकाने ठळक, लाल कडेचे. छंद, दुसरा फोन – ऐच्छिक, म्हणून फिके राखाडी. आणि त्याच राखाडीत, दिसेल न दिसेल असा – ‘मुलीची पसंती’.

“हे कोणी केलं?”

“ही सजावटीची फाईल, सीएसएस म्हणतात. ऐच्छिक रकान्यांना एका ओळीत फिका रंग–”

“रंग नाही विचारत! माझी पसंती दुसऱ्या फोनच्या रांगेत?”

“अगं, शांती राख ने!” तो गुजरातीवर आला.

“शांती ठेव तुझ्या खिशात! त्या मेळाव्यावाल्या श्रीरंगकाकांना आत्ता जाऊन–”

शेजारीच त्यांचा कागदी नमुना पडला होता. मी उचलला. ‘मुलीची पसंती’पुढे त्यांच्या हातची चांदणी. तळाशी लिहिलेलं – चांदणी असेल तिथे भरलंच पाहिजे.

“म्हणजे... तू?”

हेमराजची मान झुकली. हसला मात्र नाही. “तू तिथे दुसऱ्याच कुणाचं वर्णन लिहिणार, आणि ते मीच वाचणार. म्हटलं, फिका असला तर रिकामा सोडशील.”

“लाज नाही वाटत? घरात कुणी विचारलं नाही... आणि तूही?”

“चुकलो, सुषमा.” त्याने फाईल उघडून ओळ बदलली. रकान्याला लाल कड आली. कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. “लिही. जे असेल ते.”

मी तो परत ढकलला. रागाने डोळे भरून आले होते.

“नाही लिहिणार. तोंडाने विचार.”

“तुला... कोण हवंय?”

“तू, गाढवा. टेम्पोच्या दिवसापासून.”