तोरेल्लीचे गुण

शैलजाबाई गोधडी ओढू लागल्या, तरी तिच्यावर झोपलेले मांजर बॉनेटवरून उतरायला तयार होईना.

“राहू द्या, मला घाई नाही,” निरंजन वर्तक म्हणाले. मांजराच्या उबेनेसुद्धा पत्र्यावरचे वाचन किंचित चुकते, हे सांगायचा त्यांना संकोच वाटला. शेवटी मांजरच कंटाळून निघून गेले.

गोधडीखालून लाल रंग बाहेर आला. तोरेल्ली कंपनीची दोन आसनांची स्पोर्ट्स कार, १९६८ सालची. लांब नाक, आखूड शेपूट आणि दारापासून मागच्या चाकाकडे वळत गेलेली एक रेघ. त्या रेघेमुळे उभी गाडीसुद्धा निघायच्या बेतात असल्यासारखी दिसे. कोल्हापुरात अशी ही एकच गाडी होती, उद्यमनगरातल्या बंद पडलेल्या गॅरेजात.

दिवाळीनंतर पेट्रोलची गाडी कुणालाच घरी ठेवता येणार नव्हती. ज्या गाडीला परीक्षक ऐंशीच्या वर गुण देईल ती संग्रहालयात जाणार, बाकीच्या वितळभट्टीत. वर्तक असे परीक्षक होते. पाच वर्षे हे काम करूनही, गुणांचा आकडा सांगताना त्यांचा आवाज बारीक होई.

“घडण उत्तम आहे. इंजिनाचा क्रमांक सांगाड्याच्या क्रमांकाशी जुळतो, ही मोठी गोष्ट. पण रंग पुन्हा दिलेला आहे. संग्राहकांना मूळ रंग लागतो. उडालेला, तडकलेला चालतो, पण मूळ.”

“अपघातानंतर मीच पत्रा ठोकून रंग दिला,” कोपऱ्यातल्या स्टुलावरून शैलजाबाईंचे यजमान दिनकरराव म्हणाले. “भावाची गाडी मोडकी दिसू नये, असं हिला वाटायचं. पुढं मोडकीलाच मान येणार, हे कुणाला ठाऊक होतं?”

“किती झाले हो?” शैलजाबाईंनी विचारले.

“एकाहत्तर.”

बाईंनी दाराच्या कडेवरून हात फिरवला. माहेरचे त्यांच्याकडे एवढेच उरले होते.

“एक मार्ग आहे,” वर्तक म्हणाले. “सुचवावा की नाही, कळत नाही.”

त्यांनी पेटीतून धातुवाचक काढला. दिसायला तो कपड्यांच्या लहानशा इस्त्रीसारखा होता. धातू बारीक कणांचा बनलेला असतो. जबर ताण बसला की कणांच्या आतली मांडणी विस्कटते आणि तशीच राहते. धातुवाचक ती विस्कटलेली मांडणी तपासून केव्हा, कुठून, किती जोर आला ते सांगे. सुरुवातीला त्याचा उपयोग नकली गाड्या ओळखण्यापुरता होता. पुढे संग्राहकांना दुसरीच गोडी लागली. गाडीचा शेवटचा क्षण वाचून तो एका यांत्रिक खुर्चीत भरता येई. प्रेक्षक त्या खुर्चीत बसे, आणि मूळ चालकाला बसलेले हिसके त्याला बसत. अशा वाचनाला भरपूर गुण होते.

ही गाडी जयसिंगदादांची, म्हणजे शैलजाबाईंच्या थोरल्या भावाची. पन्हाळ्याच्या चढावरची शर्यत जिंकून ते खाली येत होते. एका वळणावर गाडी वळलीच नाही. ब्रेक गेला असणार, असे सगळे म्हणाले. आदल्या संध्याकाळी ब्रेक दिनकररावांनी बसवला होता. मेव्हण्याच्या हातून मेव्हणा गेला, असे लोक बोलू लागले. गॅरेजात गिऱ्हाईक येईनासे झाले.

“वाचा,” दिनकरराव म्हणाले. “काय ते कळू दे एकदा.”

“अहो, नको,” शैलजाबाई म्हणाल्या.

“गाडी भट्टीत घालायची का मग?”

वर्तकांनी ब्रेकच्या दांड्यावर यंत्र टेकवले. पडदा कोराच राहिला.

“हा कुणी तापवला होता का?”

“वाकला होता. भट्टीत लाल करून सरळ केला.”

“तापवलं की धातू विसरतो.”

“म्हणजे माझ्याच हातानं पुसलं म्हणा की,” दिनकरराव हसले. शैलजाबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या मनात काय आले ते दिनकररावांना कळले. ते उठून दारापाशी जाऊन उभे राहिले.

वर्तकांना ते पाहवेना. “आणखी एक जागा आहे,” ते घाईने म्हणाले. “ब्रेक जीव खाऊन दाबणारा माणूस पाठीनं आसन मागं रेटतो. आसनाखालच्या पट्ट्या कुणी तापवल्या नसतील.”

पट्ट्या त्यांनी वाचल्या. आपल्याकडूनच काही चुकले असेल म्हणून पुन्हा वाचल्या. मग पायाखालचा पत्रा वाचला, स्टिअरिंगचा दांडा वाचला.

“ब्रेक दाबलेलाच नाही,” ते म्हणाले. “चाकही वळवलेलं नाही.”

“म्हणजे ब्रेक चांगला होता?” दिनकररावांनी विचारले.

“चांगला होता की नाही, हे बघायची वेळच आली नाही.”

दिनकरराव परत येऊन स्टुलावर बसले. नवी नोंद झाली की धातुवाचक गुणांची बेरीज पुन्हा करी; त्याच्या पडद्यावर आकडा बदलला होता. चौऱ्याण्णव.

“एवढे कसे वाढले?” शैलजाबाईंनी विचारले.

“जिंकलेला माणूस, मोकळा रस्ता, आणि ब्रेकला पाय लावलेला नाही. का, ते ठाऊक नाही. संग्राहकांना हेच हवं असतं. त्या खुर्चीपुढं रांग लागेल.”

“दादानं जीव दिला, असं समजतील?”

“कुणी तसं समजेल, कुणी आणखी काही.”

“तो जीव देणारा नव्हता.” बाई गोधडीची घडी घालू लागल्या. घडी नीट होईना. “त्याला लहानपणी फिट यायची. मोठेपणी थांबली होती. गाडी चालवू देणार नाहीत, लग्न जमणार नाही, म्हणून आईनं कुणाला सांगू दिलं नाही.”

दिनकररावांनी मान वर केली. “हे मला कधी बोलली नाहीस, शैला.”

“सगळे ब्रेक म्हणाले. मलाही ब्रेकच वाटला हो.”

“एवढी वर्षं?”

त्या वर्तकांकडे वळून म्हणाल्या, “हे लिहा तुमच्या यंत्रात.”

“लिहितो. पण आधी सांगायला हवं. कारण कळलं की गोष्ट मिटते, आणि मिटलेल्या गोष्टीला गुण कमी. गाडी कदाचित जाईल. नाही लिहिलं, तर राहील. ब्रेक दाबला नव्हता हे संग्रहालय जाहीर करेलच. यांच्यावरचा आळ तेवढ्यानंही निघेल.”

“आणि दादा?”

पुरावा नसलेले कारण लिहिलेच पाहिजे असा नियम नव्हता. गाडी राहावी असे आपल्यालाच वाटते आहे, हे लक्षात येऊन वर्तकांना स्वतःची लाज वाटली.

“शैला, राहू दे,” दिनकरराव म्हणाले. “गाडी तरी राहील, संग्रहालयात का होईना.”

“तिकडं रोज नवा माणूस त्याच्या जागी बसणार. त्याच्या मरणाचे हिसके खाऊन घरी जेवायला जाणार. कशाला?” त्या वर्तकांना म्हणाल्या, “लिहा. फिट आली असावी. बहिणीनं सांगितलं.”

वर्तकांनी लिहिले. आकडा उतरला आणि अठ्ठ्याहत्तरवर थांबला. त्यांनी यंत्र पेटीत ठेवले.

बाईंनी गोधडी पुन्हा गाडीवर पसरली. भट्टीवाले येईपर्यंत ती इथेच असणार होती. मांजर परत आले आणि बॉनेटवर आपली जागा शोधू लागले.

दिनकरराव वर्तकांना फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांचा चेहरा हलका झालेला नव्हता.

“साहेब, एक विचारू? सकाळपासून गाडीतला एक स्क्रूसुद्धा तुम्ही हलवला नाही. मग मघाशी जे वाढलं आणि आता जे कमी झालं, ते गाडीत होतं तरी कुठं?”